केन्लीची एकतीस इंची बॅट

मायनॉट, नॉर्थ डकोटा
१२ मार्च, गुरुवार

रोंडाताई,

नाही म्हणजे नाही. तेहतीस इंची घ्यायची नाही. रविवारी तू मला बोलूच दिलं नाहीस. "तुला काय कळतं, दहावीत शाळा सोडलेला तू" म्हणालीस आणि फोन ठेवलास. म्हणून आता कागदावर भांडतो.

मी बरा आहे. तू आणि केन्लीही बऱ्या असाल. तुझी कंबर कशी आहे? त्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना एकटीने उचलू नकोस, दुसऱ्या बाईला हाक मारत जा. इथे तीन दिवस काम बंद आहे. आलोय पवनचक्क्या उभारायला आणि अडवलंय वाऱ्यानेच, क्रेन चालवू देत नाहीत. बाकीचे ट्रकमध्ये बसून पत्ते कुटतात. मला बसवत नाही. सकाळपासून चारदा उतरून ट्रकला फेऱ्या मारल्या. मुकादम म्हणाला, "वेलन, चड्डीत मुंग्या शिरल्यात का रे?"

तर केन्लीची सॉफ्टबॉलची बॅट. तू म्हणतेस, पोर वाढतेय, बुटासारखं एक माप मोठं घेऊन ठेवू, हायस्कूलपर्यंत पुरेल. ताई, मोठ्या बुटात बोळा कोंबता येतो. मोठ्या बॅटीत काय कोंबशील? बारा वर्षांची पोर, मनगटं बघ तिची. ती काही कुंपणापार फटके मारणारी नाही. डावखुरी आहे, पळता पळता चेंडूला नुसती चापट देते आणि पहिला बेस गाठते. तिची सगळी कमाई वेगावर. तू तिला तेहतीस इंची, उणे आठची दिलीस, म्हणजे इंचांच्या आकड्यातून आठ वजा, पंचवीस औंस वजन झालं. चेंडू कॅचरच्या हातात जाऊन बसेल तेव्हा हिची बॅट खांद्यावरून निघेल.

मंगळवारी इथल्या दुकानात जाऊन आलो. दुकानातल्या बाईने विचारलं, "स्वतःसाठी का?"

"भाचीसाठी."

"मग भाचीला आण. एका हाताने आडवी धरून तीसपर्यंत मोजू दे. आधीच खांदा थरथरला तर ती बॅट तिची नाही."

"भाची हजार मैलांवर आहे."

"मग तू कशाला माझ्या दुकानात वारा घालतोयस?"

खरंच घालत होतो. एकतीस इंचीच्या किती फिरवून पाहिल्या. एकतीस इंची, उणे दहा. एकवीस औंस. वजन टोकाला असलेली नको, अख्ख्या बॅटीत सारखं पसरलेली हवी. कोच पॅमकडे तसली एक पडून असेल, केन्लीला तीसपर्यंत धरायला लाव. मग मला शिव्या घाल.

आणि ते दुसरं तुझं. "कार्बनची आता नकोच, साडेतीनशे डॉलर घातले आणि दोन महिन्यांत चिरली."

ती उगाच चिरली नाही.

(मध्ये उतरून आलो. पेन खाली पडलं होतं, परत बसायला अर्धा तास गेला. शोधायला पाच मिनिटं लागली, बाकी वेळ मी नुसता उभा होतो.)

नाताळच्या दुसऱ्या दिवशी तू कामावर होतीस. मी केन्लीला जाळीत सरावाला नेलं, आठवतं? रात्री जेवताना तू म्हणालीस, "चला, या सुट्टीत भावाने एक तरी शहाणपणाचं काम केलं." जाळीच्या दोऱ्यांवर दव गोठलेलं होतं. एवढ्या थंडीत कार्बनची बॅट चिरते, पिशवीतून काढायचीसुद्धा नाही, हे आपल्या गावातल्या शेंबड्या पोराला कळतं. केन्लीने काढली नव्हतीच. ती जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटीने मारत होती. मग आपल्या शेजारचा डस्टी आला. म्हणाला, "वेल्या, दहावीत तू म्हणे शाळेचा हुकमी फलंदाज होतास. आता पोरींच्या बॅटीने तरी लागतो का चेंडू?"

मी तिच्या पिशवीतून नवी काढली. ती म्हणाली, "मामा, थंडी आहे." मी म्हणालो, "दोनच मारतो." चेंडू फेकणारं यंत्र जोरात लावलं. ते पिवळे, खड्डे खड्डे असलेले चेंडू, दगडासारखे. दोन नाही, वीसेक मारले असतील. एवढ्यात आवाज बदलला. आधी टण्ण यायचा, तो थप्प आला. केन्लीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नवी बॅट अशीच असते, मुरली की आवाज बदलतो." तिला खोटं कळलं होतं. तिने बॅट माझ्या हातातून घेतली, स्वेटरच्या बाहीने पुसली आणि पिशवीत ठेवली.

फेब्रुवारीत सामन्याआधी पंचाने ती दोन्ही हातांनी पिळून पाहिली, कानाशी धरली आणि बाद केली, ते तूच मला सांगितलंस. यंत्राच्या चेंडूंवर वापरलेली बॅट कंपनी बदलून देत नाही. तू विचारलंस "यंत्रावर वापरलीस का?" आणि पोर "हो" म्हणाली. कोणी वापरली ते तू विचारलं नाहीस. तिने सांगितलं नाही. तू म्हणालीस, जिला वस्तू सांभाळता येत नाही तिने टल्साच्या संघाच्या चाचणीला जायचं नाही. आणि हे सगळं तू मलाच सांगत होतीस, आणि मी हं हं करत होतो. मग तिने फोन घेतला. "मामा, जेवलास का?" आणि हळूच, "मी काही बोलले नाही."

तेव्हापासून मला कुठे बसवत नाही. वाऱ्याचं निमित्त आहे.

का नाही सांगितलं? बाबांचा ट्रक मी उलटवला, तुझ्या लग्नात भांडण मी केलं. एकदा तरी घरातून काही न मोडता निघालो, असं तुला वाटत होतं. ते मला हवं होतं. बारा वर्षांच्या पोरीच्या अंगावर ढकलून हवं होतं.

हे पत्र तिच्यासमोर मोठ्याने वाच. मग अठ्ठावीस तारखेला तिला टल्साला ने. तुला दोन पाळ्या बदलाव्या लागल्या तरी ने. बॅट कार्बनचीच घे, तिच्या हाताने निवडू दे. माझ्यावर चिडायचं असेल तर महिनाभर फोन उचलू नकोस, पण तिला त्या दिवशी घरी बसवू नकोस.

सोबतचे पैसे मी टेक्सासला जायला बाजूला टाकले होते. इथून सुटायचं होतं. आता जूनपर्यंत इथेच, वारा असो नसो. परत पाठवू नकोस. भेट नाही ही.

ज्याने मोडली तो,
वेलन

मनीऑर्डर केन्लीच्या नावाने काढली आहे. चारशे दहा डॉलर.