सासऱ्यांना नऊ दिवस घरी न सोडण्याबाबत

दिनांक : २६ एप्रिल २०२४

प्रति,
मा. मुख्य वैद्यकीय अधिकारी,
जिल्हा रुग्णालय, उत्तर-पश्चिम ग्रीनलंड

विषय : रुग्ण ऊसाकाक यांना मंगळवार दि. ३० रोजी घरी पाठवण्याचा आदेश दि. ९ मेपर्यंत पुढे ढकलणे, जेणेकरून त्यांच्या जावयास असलेल्या कुत्र्यांच्या ॲलर्जीवरील लशीच्या उरलेल्या दोन मात्रा पूर्ण होतील.

संदर्भ : १) रुग्णवाहतूक कक्षाची दोन पत्रे. २) आपला कालचा आदेश.

महोदया,

अर्ज लांब झाला आहे याची अर्जदारास जाणीव आहे. परंतु यापूर्वीचे चार अर्ज अर्ध्या पानाचे होते व त्यांची उत्तरे त्याहून आखूड आली. म्हणून या वेळी हकीकत पहिल्यापासून सादर केली आहे.

१. अर्जदार कालेराक नाथानिएल्सेन, वय ३९, धंदा बर्फाला भोक पाडून दोरीने मासे धरणे, राहणार सिओराक वस्ती (माणसे त्रेसष्ट, कुत्री एकशे ऐंशी). अर्जदार मूळचा दक्षिणेकडचा. तिकडे मेंढ्या असतात, गाडी ओढणारी कुत्री नसतात. नऊ वर्षांपूर्वी तो सिओराकच्या मासळी गोदामाचे शीतयंत्र दुरुस्त करण्यास आला, तेथे आमालीए हिची ओळख झाली, आणि यंत्र सुरू झाल्यावरही तो परत गेला नाही. लग्नाच्या दिवशी सासरे ऊसाकाक यांनी कुत्र्याच्या कातड्याचे हातमोजे घालून अर्जदाराचे दोन्ही गाल धरले. त्यानंतर दिवसभर अर्जदाराचे डोळे वाहत होते. "किती हळवा आहे हो," असे बायका म्हणाल्या, आणि वस्तीत अर्जदाराचे तेच नाव पडले.

२. पाच वर्षांपूर्वी सासऱ्यांचा गुडघा गेला. त्यांनी आपली अकरा कुत्री अर्जदाराच्या स्वाधीन केली. "जावईबापू, आता गाडी तुमची. तुम्ही काजोकचं ऐका, बाकीची दहा तुमचं ऐकतील," असे ते म्हणाले. काजोक ही पुढे धावणारी तांबडी कुत्री होय. पहिल्याच हिवाळ्यात अर्जदाराच्या छातीत शिट्टी वाजू लागली. सासरे कुत्र्यांना उजवीकडे वळवण्यासाठी तशीच शिट्टी वाजवत असत. परिणामी तो संपूर्ण हिवाळा अर्जदार जिकडे निघाला त्याच्या उजवीकडे पोहोचला.

३. आपल्या रुग्णालयाने त्या वेळी एक माहितीपत्रक दिले होते. त्यात कुत्र्यास आठवड्यातून दोनदा आंघोळ घालावी, त्यास निजायच्या खोलीत घेऊ नये व गालिचे काढून टाकावेत असे लिहिले आहे. अर्जदाराकडे गालिचा नाही. कुत्री जन्मापासून बाहेर बर्फावर साखळीला असतात, त्यांनी खोली पाहिलेली नाही. आंघोळीबाबत अर्जदाराने प्रामाणिक प्रयत्न केला. शून्याखाली बावीस अंशांत पहिल्या कुत्र्यावर कोमट पाणी ओतल्यानंतर उरलेली दहा साखळ्या तोडून डोंगरावर गेली व दोन दिवसांनी, भूक लागल्यावर, परत आली. पहिल्या कुत्र्यास आमालीएने पुसून कोरडे केले. ते अद्याप अर्जदाराकडे पाठ करून बसते.

"विकून टाक," असे आमालीए एकदा म्हणाली. मग तीच म्हणाली, "आणि मासे काय चालत घरी येणार आहेत?" तो विषय तेथे संपला.

४. यानंतर लशीचा उपचार सुचवण्यात आला. जिभेखाली ठेवायची गोळी गवताच्या व धुळीच्या ॲलर्जीवर मिळते, कुत्र्यावर मिळत नाही, म्हणून सुईच घ्यावी लागेल असे सांगण्यात आले. ज्या गोष्टीने त्रास होतो तीच अगदी थोडी टोचायची, दर आठवड्यास वाढवत न्यायची, सोळा पायऱ्या चढायच्या. मग दरमहा एक सुई, तीन ते पाच वर्षे. मध्ये फार दिवस गेले तर पुन्हा खाली उतरायचे. सासऱ्यांना हे समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे सुईतून कुत्रंच टोचतात ना? मग माझी अकरा काय वाईट होती?"

अडचण प्रवासाची आहे. सिओराकहून आपले रुग्णालय कुत्र्यांच्या गाडीने पाच तासांवर आहे. पहिल्या दिवशी अर्जदार पाच तास अकरा कुत्र्यांच्या मागे बसून वेळेवर हजर झाला. परिचारिका मार्टाबाई यांनी छातीस नळी लावली व म्हणाल्या, "अहो, छाती वाजतेय तुमची. अशा छातीवर ही सुई देता येत नाही. चार दिवस कुत्र्यांपासून लांब राहा, मोकळं वाटलं की या."

"येऊ कशाने?" असे अर्जदाराने विचारले.

मार्टाबाईंनी खिडकीबाहेर बांधलेल्या कुत्र्यांकडे पाहिले, मग अर्जदाराकडे पाहिले, आणि "पुढचे कोण?" अशी हाक मारली. पुढे कोणीही नव्हते.

या रीतीने, ज्या खेपेस छाती मोकळी सापडली तेवढ्याच खेपांत, दोन वर्षांत अर्जदार पहिली पायरी सहा वेळा चढला आहे. दुसरी दोनदा. तिसरी एकदाच, उन्हाळ्यात, होडीने आल्यामुळे. त्यानंतर अठरा दिवस धुके होते.

५. दर मंगळवारी व गुरुवारी सिओराकला हेलिकॉप्टर येते. त्यात रुग्ण म्हणून जागा मिळावी असा अर्ज केला असता उत्तर आले : "अर्जदाराकडे अकरा कुत्री असून स्वतःचे वाहन उपलब्ध आहे, सबब तिकीट देता येत नाही." कुत्री विकल्यास तिकीट मिळेल काय, अशी विचारणा केली असता उत्तर आले : "कुत्री विकल्यास उपचाराची गरज राहणार नाही, सबब तिकीट देता येत नाही." दोन्ही पत्रांवर सही एकाच व्यक्तीची असून ती सुवाच्य आहे.

दरम्यान राजधानीतील तज्ज्ञांना शंका आली की ही लस परदेशातील घरगुती कुत्र्यांपासून बनते, ती आपल्या कुत्र्यांना चालेल की नाही. त्यांनी नमुना मागवला. अर्जदाराने काजोकचे केस लिफाफ्यात भरून "तातडीचे वैद्यकीय" असा शिक्का घेऊन हेलिकॉप्टरपाशी दिले. त्या खेपेस दोन जागा रिकाम्या होत्या. वैमानिकाने लिफाफा एका जागेवर ठेवला व सांडू नये म्हणून त्यास पट्टा लावला. अर्जदार खाली उभा राहून बघत होता. लस चालेल असे उत्तर पाच आठवड्यांनी आले.

६. अर्जदाराने स्वतःही मार्ग शोधले हे नमूद करणे आवश्यक आहे. वीजघरातील आग विझवणाऱ्यांचा, नाकातोंडावर घट्ट बसणारा मुखवटा उसना आणून तो निघाला. श्वास उत्तम चालला. परंतु मुखवट्यातून हुकूम बाहेर ऐकू जात नव्हते. काजोकने थोडा वेळ वाट पाहिली आणि स्वतःच्या मनाने निर्णय घेऊन गाडी शेजारच्या वस्तीत, तिची आई जेथे असते तेथे, नेली. तेथील मंडळींनी अर्जदारास चहा दिला व आग कुठे लागली आहे असे विचारले.

७. आता मूळ मुद्दा. दि. २० जानेवारी रोजी सासरे पिण्याच्या पाण्यासाठी हिमनगाचा बर्फ फोडताना घसरले व मांडीचे हाड मोडले. धुक्यामुळे हेलिकॉप्टर निघाले नाही. मेव्हणे आपली गाडी घेऊन मासेमारीस दूर गेले होते. वस्तीतील इतर दोघांनी येण्याची तयारी दाखवली, परंतु सासरे म्हणाले, "माझी कुत्री माझ्या जावयाशिवाय कोणी हाकायची नाहीत." हे वाक्य ते पाच वर्षांत प्रथमच बोलले होते. अर्जदाराने मुखवटा घरी ठेवला, कारण कुत्र्यांना आवाज ऐकू जाणे भाग होते. सासऱ्यांना गाडीवर आडवे बांधून तो निघाला.

तीन तास बरे गेले. मग बर्फाला भेग आढळली, तिला वळसा घालावा लागला, आणि अर्जदाराचा श्वास अडकू लागला. हुकूम तोंडातून फुटेना. त्या वेळी सासरे उताणे पडलेले, आकाशाकडे बघत म्हणाले, "मी कण्हतोय, तू शिंकतोयस. कुत्री कुणाचं ऐकणार? तू गप्प बस आणि दिसेल ते मला सांग." अर्जदार बोटाने त्यांच्या खांद्यावर डावीकडे किंवा उजवीकडे टोचत असे आणि सासरे हाक देत. असे आणखी अडीच तास गेले. आपल्याला काही झाले तर म्हाताऱ्याला कुत्री कशी सांभाळतील, याची अर्जदारास भीती वाटत होती. म्हाताऱ्यालाही तशीच भीती वाटत होती हे नंतर कळले. दारात उतरल्यावर मार्टाबाईंनी आधी अर्जदारासच खाटेवर घेतले, आणि मोडलेला पाय कुणाचा हे सासऱ्यांना ओरडून सांगावे लागले.

८. अर्जदारास ऑक्सिजन लावून तीन दिवस ठेवण्यात आले. चौथ्या दिवशी, बुधवारी, छाती मोकळी होती. मार्टाबाईंनी कॅलेंडर पाहिले आणि म्हणाल्या, "आलाच आहात तर देऊन टाकू." ती पुन्हा पहिली पायरी. सासऱ्यांची जखम चिघळल्याने त्यांचा मुक्काम वाढला, व सोबती म्हणून अर्जदारास रुग्णनिवासात जागा मिळाली. कुत्री मेव्हण्यांनी येथे येऊन रुग्णालयाच्या गावाबाहेर बांधून सांभाळली. अर्जदारास त्यांच्याजवळ जाण्यास मनाई होती. दर बुधवारी सुई, मग अर्धा तास बाकावर थांबणे, मग हातावरची गांधी मोजून घेणे. चौदा बुधवार कोणतेही वाहन न लागता पार पडले.

अडचण एवढीच की सासरे बरे झाले. याबाबत एक गोष्ट अर्जदाराने लपवू नये असे त्यास वाटते. गेल्या आठवड्यात व्यायाम घेणाऱ्या बाईंनी कागदावर नोंद केली आहे की रुग्ण अलीकडे पुन्हा लंगडू लागला आहे, परंतु न मोडलेल्या पायाने. अर्जदाराने विचारणा केली असता सासरे म्हणाले, "दोन बुधवार राहिलेत ना तुझे? मग मला कसली घाई आहे?" अर्जदाराने त्यांना तसे न करण्याविषयी विनवले. ते आता दोन्ही पायांनी लंगडतात.

९. काल आपला आदेश मिळाला. मंगळवारी सासरे हेलिकॉप्टरने घरी जातील. त्यांना तिकीट आहे, आणि सोबती म्हणून अर्जदारासही आहे. हे अर्जदाराचे आयुष्यातील पहिले तिकीट असून ते उलट्या दिशेचे आहे. रुग्ण गेल्यावर सोबत्यास रुग्णनिवासात राहता येत नाही. मे महिन्यात बर्फ फुटतो. तो गाडीला पुरत नाही आणि होडीला वाट देत नाही, हे आपणांस ठाऊक आहे. पुन्हा येईपर्यंत जून उजाडेल व लस पुन्हा तळाशी जाईल. जानेवारीसारखा झटका पुन्हा आला तर कुत्री सोडावीच लागतील असे आपण स्वतः सांगितले आहे. कुत्री सोडली की वस्ती सोडावी लागेल. सासरे येणार नाहीत आणि आमालीए त्यांना सोडून येणार नाही.

तरी विनंती की, १ व ८ मेच्या मात्रा होऊन एक दिवस देखरेखीचा जाईपर्यंत, म्हणजे ९ मेपर्यंत, रुग्ण ऊसाकाक यांना अपुरे बरे समजण्यात यावे. ते शक्य नसल्यास अर्जदारास रुग्ण समजून सासऱ्यांना त्याचा सोबती करण्यात यावे. त्यास त्यांची हरकत नाही. पुढील मासिक सुया सिओराकच्या आरोग्यसेविकेने द्याव्यात, असा स्वतंत्र अर्ज करण्यात येईल. कुत्री विकण्याचा सल्ला मात्र कृपया देऊ नये. तो आजवर सात जणांनी दिला आहे.

शेवटी एक बाब. आज सकाळी अर्जदार मार्टाबाईंच्या परवानगीने, खिशात झटका आल्यास टोचायची औषधाची सुई घेऊन, गावाबाहेर कुत्र्यांपाशी जाऊन आला. घड्याळ लावून अर्धा तास. दोनदा शिंक आली, छाती वाजली नाही. काजोकने आधी ओळख दाखवली नाही, मग डोके अर्जदाराच्या पोटावर टेकवले, आणि अर्जदाराने नाकाने श्वास घेतला. नऊ वर्षांत नाक कधी उघडे नसल्याने कुत्र्याला वास असतो हे त्यास ऐकूनच माहीत होते. तो सडक्या माशाचा व ओल्या दोरखंडाचा मिळून एक वास आहे. चांगला नाही. अर्जदार अर्धा तास संपल्यानंतरही तेथेच उभा होता, आणि मार्टाबाईंना त्यास आणण्यासाठी माणूस पाठवावा लागला.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,

(सही)
कालेराक नाथानिएल्सेन
सोबती, रुग्णनिवास, खोली क्र. ४