बाकुरी, दूध आणि व्हॅनिला

बेलेम, गुरुवार

प्रिय जासीरा,

तुझं पाकीट सोमवारी मिळालं, पत्र आणि सेंटची नवी बाटली. तेव्हापासून रोज सकाळी टेबलावर कागद घेऊन बसते आणि भांडी घासायची आठवण झाली म्हणून उठते. या घरातली भांडी इतकी लख्ख कधीच नव्हती. तू लिहिलंस, आई, गिऱ्हाइकांना सांगतेस तसं लिही, बाटली उघडल्यावर काय येतं, तासाभराने काय उरतं, दुसऱ्या दिवशी कपड्यावर काय राहतं. येत्या सोमवारी त्या दुसऱ्या सेंटच्या कंपनीत बाटली घेऊन जाशील तेव्हा माझं पत्र त्यांना वाचून दाखवणार म्हणालीस. पहिली नोकरी माझ्या शब्दावर सोडलीस आणि आता नव्या दारातही माझाच शब्द हातात घेऊन उभी राहणार आहेस.

म्हणून आधी लोकांचं सांगते. बाटली घेऊन मी गल्लीत फिरले. पहिली अर्थातच शेजारची ओनेइदे. या उकाड्यात तिची दिवसातली तिसरी अंघोळ नुकतीच झाली होती, केस ओले, दारात उभी. मनगटावर उडवलं तशी डोळे मिटून म्हणाली, "अगं बाई मावशी, हे तर कोणी आत्ता बाकुरीचं फळ फोडलंय! हात चाटू का?" मला इतका आनंद झाला की मी तिच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, "हे जासीराने केलं? आपल्या जासीराने? जिला माझं लग्न होईपर्यंत धड नाक पुसता येत नव्हतं?" आम्ही दोघी रडलो आणि हसलो. तिचा नवरा बेने होडीवर निघाला होता, तो म्हणाला, "बायकोला केकचा वास येतोय, चांगलंच आहे, पण होडीत बसताना लावू नको, मधमाश्या मागे लागतील." हे एवढं त्या लोकांना वाचून दाखवलंस तरी चालेल.

पण पुढचं वाचून दाखवता येणार नाही. दुपारचा पाऊस येऊन गेला, ऊन पुन्हा चढलं, आणि ओनेइदे कुंपणापाशी आली. मनगट साबणाने धुतलं होतं, लाल झालं होतं. "मावशी, रागावू नका हं. पहिला अर्धा तास स्वर्ग. मग फळ गेलं आणि नुसतं दूध राहिलं, गोड गोड दूध, घशात बसतं. डोकं धरलंय माझं." मी म्हटलं, तू सकाळपासून उपाशी असशील. ती म्हणाली, "उपाशी नाही, मासा आणि असाईच्या फळांचा गर वाटीभर खाल्लाय." मग मी फिलोमेना आजीकडे गेले. बाजारात साठ वर्षं औषधी मुळ्या आणि पानं विकलेली बाई, डोळे गेले पण नाक शाबूत. तिने मनगटावर लावून घेतलं, मला दोन तास बसवून ठेवलं, तिच्या सुनेच्या सगळ्या चुका ऐकवल्या, आणि शेवटी हात नाकाशी नेऊन म्हणाली, "बाळाच्या दुपट्याचा वास आहे, रायमुंदा. धुवायला दोन दिवस उशीर झालेल्या." मग तिने विचारलं, "तुझं नाक काय म्हणतं?" मी म्हटलं, आजी, आई आहे मी, मला विचारू नका.

तुझ्या पहिल्या नोकरीतल्या हेइतोर साहेबांनीही हेच सांगितलं होतं ना? गोडवा फार, उन्हात आंबेल, तळातला व्हॅनिला निम्मा कर. त्यांच्याशी तू भांडलीस. तू फोनवर म्हणालीस, त्या माणसाने आयुष्यात बाकुरी फोडलेलं नाही, आमच्या घरात गोड म्हणजे काय ते त्याला काय कळणार, माझ्या आईने हुंगलंय आणि ती म्हणते थेंबभरही कमी करायचं नाही. मी ते खरंच लिहिलं होतं. थेंबभरही कमी करू नकोस. ऐकावं जनाचं, करावं मनाचं, असंही वर लिहिलं होतं. इकडे आईने म्हण लिहिली आणि तिकडे लेकीने राजीनामा दिला.

तुला आठवतं, गोड सेंटच्या बाबतीत मी किती खडूस होते? तू शाळेतून आलीस की माझ्यामागे कॅटलॉगची पिशवी धरून फिरायचीस आणि मी दारोदारी सेंट विकताना नाक मुरडायचे. ते स्ट्रॉबेरीचं निघालं होतं, गुलाबी झाकणाचं, पंधराव्या वाढदिवसाच्या थाटामाटात प्रत्येक पोरीला तेच हवं असायचं. मी त्यांच्या आयांना तोंडावर सांगायचे, हे सेंट नव्हे, तापाचं औषध आहे, चमच्याने पाजा. लाल सफरचंदाचं मात्र मला आवडायचं. पहिल्यांदा आंबट, मग थोडं लाकूड, सफरचंद खाऊन उरलेल्या देठासारखं. औषधाच्या दुकानातल्या सेलियाला तेच शोभायचं, कारण ती तोंडाने गोड आणि मनाने आंबट. नारळ-व्हॅनिलाचं एक होतं ते सकाळी अंघोळीनंतर बरं, पण बसमध्ये चार जणींनी लावलं की खिडकी उघडावी लागे. आणि कॅरॅमलचं ते, सोनेरी बाटलीतलं, जे तुझ्या बाबांनी मला दिलं होतं. पहिले दोन तास जळलेली साखर, उर्मट, आणि मग घाम लागला की खाली गेलेला व्हॅनिला हळूच वर यायचा, कोरडा, जरासा तंबाखूसारखा. व्हॅनिला खरा असेल तर तो मुळात गोड नसतोच, हे मी तुला त्या बाटलीवरून शिकवलं होतं. माझ्या आईच्या कपाटात व्हॅनिलाच्या शेंगा असायच्या कपड्यांत, त्या चाटून बघ, कडू लागतात. गोड आपण करतो त्याला.

हे सगळं तूच लक्षात ठेवलंस आणि त्याचंच शिक्षण घेतलंस. साओ पाउलोला गेलीस तेव्हा गल्लीत मी छाती काढून चालत होते. रायमुंदाचं नाक पोरीने नेलं, असं बायका म्हणायच्या. मी म्हणायचे, नेलं नाही, वाटणी झालीय.

आता घरची बातमी. गिऱ्हाइकं कमी झालीत. माझा कॅटलॉग घेतात, पानं उलटतात आणि ऑर्डर देतात पलीकडच्या गल्लीतल्या रोझिल्डाला. मार्चमध्ये मी एका नवरीच्या आईला पेरूचं सेंट दिलं, बाटली माझ्याच कपाटातली, उन्हाने खराब झालेली. मला कळलं नाही. लग्नाच्या घरात ती बाई माझ्या अंगावर आली, "रायमुंदाबाई, हे व्हिनेगर आहे! तुम्ही हुंगलं नाहीत?" मी म्हटलं, सर्दी झालीय. गेल्या महिन्यात घेवड्याचं पातेलं बुडाला लागून काळंठिक्कर झालं, मी त्याच खोलीत बसून तुझा ड्रेस शिवत होते. ओनेइदे धावत आली, "मावशी, घर पेटवताय का? आख्ख्या गल्लीत धूर!" तेव्हापासून ती दिवसातून तीनदा काहीतरी निमित्त काढून येते आणि शेगडीकडे बघून जाते. चांगली आहे पोरगी. तिला मी काही सांगितलेलं नाही, पण तिला सांगायची गरज उरलेली दिसत नाही.

गेल्या ऑक्टोबरात तू सणाच्या मिरवणुकीला आलीस, आठवतं ना? बसस्टँडवर उतरलीस, पिशव्या खाली टाकल्यास आणि मान पुढे केलीस. मी आपल्याकडे लावतात तसं तुझ्या मानेला नाक लावलं. तू म्हणालीस, "ओळख बघू, काय लावलंय?" मी म्हणाले, "तुझंच, दुसरं काय." तू किती हसलीस. तिथल्या तिथे बसवाल्याला सांगितलंस, "बघितलंत? हे नाक विमा उतरवून ठेवण्यासारखं आहे." माझं उत्तर बरोबरच होतं, जासीरा. तुझ्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात तुझ्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली बाटली दिसत होती.

मला दोन वर्षांपूर्वी तो ताप आला होता, जो सगळ्यांनाच आला. नवव्या दिवशी उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला. मी वाट पाहिली. कॉफी, लसूण, रॉकेल, फिलोमेना आजीच्या मुळ्या, सगळं सकाळ-संध्याकाळ हुंगत राहिले, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं. या जूनमध्ये त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आता येईल असं मी सांगणार नाही, सेन्योरा." तुझ्या राजीनाम्याआधी या सेंटची पहिली बाटली आली तेव्हा मी झाकण उघडलं आणि पाणी हुंगल्यासारखं झालं. तू सोबत चिठ्ठी ठेवली होतीस, वर बाकुरी, मध्ये कोमट दूध, तळाशी व्हॅनिला. आमच्या धंद्यात कॅटलॉग आधी येतो आणि बाटल्या तीन आठवड्यांनी, मधल्या दिवसांत न हुंगलेल्या सेंटचं वर्णन करून ऑर्डर घ्यायची हे प्रत्येकीला येतं. मी तुझ्या चिठ्ठीवरून तेच केलं. तुझ्या अक्षरावरून, तुझ्यावरच्या मायेवरून चार पानं लिहिली, बाकुरीच्या झाडाखालची दुपार लिहिली, तू लहानपणी दुधाचा पेला सांडायचीस ते लिहिलं. ते वाचून तू रडलीस म्हणालीस. गिऱ्हाइकाला मी निदान एवढं तरी सांगायचे की हे कॅटलॉगचं बोलणं आहे, माझं नाही. तुला तेवढंही सांगितलं नाही. नाक गेलं म्हटलं तर तू मला कशाला काही विचारशील, ही भीती वाटली. बाकी माझ्याकडे तुला हवं असं काही नव्हतंच.

हे फोनवर सांगायला तीनदा तुझा नंबर फिरवला आणि तिन्ही वेळा पावसाबद्दल बोलले. सांगितलं असतं तर तू हेइतोर साहेबांचं ऐकलं असतंस, व्हॅनिला निम्मा केला असतास आणि आज त्यांच्या टेबलाशी बसलेली असतीस. तिथे आता दुसरं कोणी बसलंय, ते काही माझ्या पत्राने उठणार नाही. हे पत्रही सोमवारच्या आत पोहोचेल असं पोस्टातली बाई म्हणत नाही. पोहोचलं तर ओनेइदेचं आणि आजीचं म्हणणं खरं मान, ती बाटली नेऊ नकोस, आणि नेलीस तर तिथे माझं नाव घेऊ नकोस. उशिरा पोहोचलं तर त्यांनी काय म्हटलं ते मला कळवायची गरज नाही, मला माहीत आहे. तुझ्या सेंटचा वास मी एकदाही घेतलेला नाही, बाळा. ते चांगलं आहे की वाईट, हे जगात सगळ्यांना कळेल, मला सोडून.

तुझीच, आणि तुला फसवलेली,
आई