घरी माणसं आहेत

पोर्ट अर्डन
२१ सप्टेंबर २०१४

चि. कर्स्टीस,
अ. आ.

निकाल लागून दोन दिवस झाले आणि तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझी बाजू हरली याचं मला वाईट वाटलं असं लिहिलं तर तू म्हणशील ताई खोटं बोलते. मी ‘नाही’वर फुली मारली हे सगळ्या बंदराला ठाऊक आहे. पण तू हरलीस याचं वाईट वाटलं, ते खरं आहे. दोन वर्षं दारोदार हिंडलीस. एवढं तर लग्नाआधी बिचाऱ्या नीलसाठीही हिंडली नव्हतीस.

लंडनपासून सुटून स्वतंत्र होण्याचं मला वावडं नाही गं. मला भीती वाटली. मी सहासष्ट वर्षांची, आपला भाऊ रोरी बावन्नचा. माझं पेन्शन आणि त्याचं दिवसभर जायचं बर्नसाइड केंद्र, आमच्या घराला हे दोनच खांब. एकत्र राहिलो तर आहे तसं चालू राहील असं त्या बाजूचे लोक सांगत होते. मी ते धरून बसले.

आणि हो, आपल्या भावानेही मत दिलं. हा पोरगा स्वतःचं नावही लिहू शकणार नाही असं जन्मल्या दिवशी डॉक्टर आईला म्हणाले होते, तो टाय लावून गेला आणि पडद्यामागे पाच मिनिटं होता. कुणाला दिलंस विचारलं तर म्हणाला, डेव्हिनाला. डेव्हिना केंद्र चालवते, ती उभी नव्हती रे, असं मी समजावलं. तर म्हणतो, उभं राहायला हवं होतं.

या रविवारी ये. धुरी दिलेल्या हॅडक माशाचं सूप करते. राजकारण दाराबाहेर ठेवू, छत्रीसारखं.

माया आहे तशीच ठेव.
तुझी ताई,
इशबेल


किलमार्टी
५ ऑक्टोबर २०१४

ती. इशबेलताईस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मी नीलला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘बिचारा’ हा शब्द त्याला फार आवडला.

रागावले नव्हते गं, बोलवत नव्हतं. मतमोजणीच्या हॉलमध्ये एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ माझ्याजवळ बसले होते. त्यांनी कोटावरचा बिल्ला काढून पाकिटात ठेवला आणि बस किती वाजता आहे ते विचारलं. ते डोळ्यांपुढून जात नाही.

असो. कौन्सिलवर मी अजून अडीच वर्षं आहे. मोठं काही घडलं नाही तर लहान लहान तरी नीट करू. पुन्हा मतदान होईलच, तोवर आम्हाला चांगला कारभार करून दाखवायचा आहे. तू तिथे आहेस म्हणून मला रोरीची काळजी नसते. हे तोंडावर कधी म्हणत नाही, म्हणून इथे लिहिते.

रोरीला सांग, पुढच्या खेपेला डेव्हिनाचं नाव मी सुचवीन.

लोभ करतेसच, तो राहू दे.
तुझी,
कर्स्टी


पोर्ट अर्डन
२४ जानेवारी २०१६

चि. कर्स्टीस,
अ. आ.

यंदा केंद्राच्या काचघरासाठी बी मागवू नका असं डेव्हिनाला वरून सांगितलंय. कारण सांगितलं नाही. ती बिचारी मलाच विचारत होती, तुमची बहीण कौन्सिलर आहे ना म्हणून. मी म्हटलं, आमच्यात राजकारण दाराबाहेर असतं.

पण आता विचारते. केंद्र बंद होणार आहे का?

तू रोरीला तिथे कामावर असताना बऱ्याच दिवसांत पाहिलेलं नाहीस. रोज अकराला तो अठरा जणांचं टेबल मांडतो. कुणाचा कप कुठला, कुणाला साखर चालत नाही, कुणाला खिडकीचा वारा लागतो, सगळं पाठ. शेजारच्या खुर्चीवर टॉर्निशची विल्मा बसते. वीस वर्षं शेजारी बसतात. ती आजारी पडली की हा तिचा कप उपडा घालून ठेवतो, दुसऱ्या कुणाला घेऊ देत नाही. तीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात काढली, पण असं टेबल मला कधी मांडता आलं नाही.

आडवळणाने लिहू नकोस. हो किंवा नाही, तेवढं कळव.

तुझी,
इशबेलताई


किलमार्टी
१४ फेब्रुवारी २०१६

ती. ताईस,
स. न. वि. वि.

पेपरात तू वाचलं असशीलच. गुरुवारी अंदाजपत्रक मंजूर झालं. बर्नसाइड जूनअखेर बंद. पंधरा विरुद्ध चौदा.

मी मतदानाला नव्हते. आपल्या जवळच्या माणसाचा संबंध असेल तर सदस्याने तसं सांगून सभागृह सोडायचं, असा नियम आहे. मी उठले, सांगितलं आणि बाहेर गेले. चाळीस मिनिटं व्हरांड्यात रेडिएटरला टेकून उभी होते. आतले आवाज येत होते, शब्द कळत नव्हते.

लोकांना वाटतं आम्ही पैसे दडवून बसलोय. एडिंबरोच्या आमच्याच पक्षाच्या सरकारकडून येणारं अनुदान घटलं, आणि घरपट्टी वाढवायची तर एडिंबरोची मनाई. त्यांना विचारावं तर ते म्हणतात लंडनने हात आखडला. लंडन म्हणतं तुम्हाला भरपूर दिलंय, तुम्हीच नीट वापरत नाही. सगळ्यात खाली आम्ही. आमच्या खाली कुणी नाही.

रोरीसाठी दुसरी व्यवस्था होईल. आठवड्याला सहा तास मदतनीस घरी येईल, त्याला हवं तिथे नेईल. कागदावर ते वाईट दिसत नाही.

राग धर, पण पत्र टाकत जा.
तुझी,
कर्स्टी


पोर्ट अर्डन
२० फेब्रुवारी २०१६

कर्स्टीस,

आमच्या खाली कुणी नाही असं तू लिहिलंस. रोरी आहे.

मला तुझा नियम कळला. पंधरा आणि चौदा हेही कळलं. दोन वर्षं लोकांच्या दारात उभी राहून नवा देश मागत होतीस, आणि भावासाठी खोलीत उभी राहिली नाहीस. तुमच्या त्या देशात त्याची खुर्ची कुठे मांडणार होता, ते एकदा लिही.

माझ्या बाजूचेही खोटंच बोलले म्हणा. आहे तसं चालू राहील म्हणाले होते. त्यांच्यापैकी कुणी माझी धाकटी बहीण नव्हतं.

इशबेल


पोर्ट अर्डन
२७ नोव्हेंबर २०१६

चि. कर्स्टीस,
अ. आ.

तुझी तीन पत्रं आली, उत्तर दिलं नाही. आता लिहिते, कारण हे तुझ्यापासून लपवणं बरं नाही.

केंद्र बंद झालं त्या आठवड्यात रोरीने घरातले सगळे कप काढून आपल्या टेबलावर मांडले. अठरा होत नव्हते, म्हणून अंड्यांच्या वाट्या घेतल्या, दात घासायचा पेलाही घेतला. प्रत्येकावर बोट ठेवून नाव घ्यायचा, मग माझ्याकडे बघायचा, की कधी येणार. मी म्हणायचे, आज नाही रे. ऑगस्टमध्ये कप कमी झाले. मला वाटलं, रुळला. नंतर लक्षात आलं, त्याला नावंच आठवत नव्हती. आता दोन मांडतो, कधी एकच.

डॉक्टर म्हणाले, डाउन सिंड्रोमच्या माणसांना पन्नाशीनंतर विसरण्याचा आजार पुष्कळदा होतो, केंद्र चालू असतं तरी झाला असता. असेलही. मी कुणावर आळ घेत नाही. पण तिथे असता तर पहिलं नाव चुकलं त्याच दिवशी सतरा जणांनी आरडाओरडा केला असता. मला कळायला तीन महिने लागले.

मदतनीस येतात. चांगल्या आहेत, पण दर पंधरवड्याला निराळी. कोट कुठे टांगायचा ते रोरी प्रत्येकीला दाखवतो.

विल्माचं नाव मात्र अजून घेतो. टॉर्निशला बस नाही, आणि माझे डोळे गाडी चालवण्याजोगे राहिलेले नाहीत. तुझ्याकडे गाडी आहे.

तुझी,
इशबेलताई


किलमार्टी
२ एप्रिल २०१७

ती. ताईस,
स. न. वि. वि.

मागच्या शनिवारी तू आत स्कोन भाजत होतीस, म्हणून बाहेरच्या खोलीत काय झालं ते तुला नीट कळलं नाही. विल्मा एकदम गप्प का झाली ते तू दोनदा विचारलंस आणि मी विषय बदलला.

तिला आणायला डिसेंबरपासून मार्च उजाडला, आधी बर्फ, मग तिची छाती, मग माझ्या सभा. त्यातल्या सभा मला टाळता आल्या असत्या. वाटेत ती सारखी पर्समधला आरसा काढून बघत होती. निळी जर्सी घातली होती, म्हणाली रोरीला निळा आवडतो. आम्ही आत आलो तेव्हा रोरी खिडकीशी बसला होता. तो उठला. ताई, तो तिला बघून उठला म्हणून मला वाटलं ओळखलं. तो तिच्याजवळ गेला, अदबीने हात पुढे केला आणि म्हणाला, तुम्ही नवीन का, कोट इथे टांगा.

विल्माने कोट काढला आणि त्याने दाखवलेल्या खुंटीला टांगला. मग म्हणाली, हो, मी नवीन आहे. आणि त्याच्या शेजारी बसली.

परत जाताना वीस मैलांत तिने आरसा काढला नाही. तिच्या दारात मी म्हटलं, पुन्हा घेऊन जाईन. ती म्हणाली, नको, त्याला रोज नवीन बाईची सवय झाली आहे, मी आले तर गोंधळेल.

तेव्हापासून मला एक गोष्ट पोटात ठेवता येत नाही. तुला वाटतं मी खोलीबाहेर गेले हा माझा गुन्हा. तसं नाही. त्याच्या पाच आठवडे आधी आमच्या गटाची खासगी बैठक होती. तिथे नियमाचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही. दोनच गोष्टी उरल्या होत्या: एकट्या म्हाताऱ्यांकडे रात्री फेरी मारणाऱ्या नर्सबाई, नाहीतर बर्नसाइड. घरपट्टीची मनाई मोडू असं एकजण म्हणाला, तर त्याला सगळ्यांनी गप्प केलं. आपणच एडिंबरोला तोंडघशी पाडलं तर पुन्हा मतदान कोण मागेल, म्हणाले. मीही तेच म्हणाले. मग कुणीतरी विचारलं, केंद्रात किती जण आहेत. आकडा मला ठाऊक होता. मी म्हटलं, अठरा. आणि त्यापुढे, कुणी विचारलं नसताना, मी म्हटलं, त्या अठरांच्या घरी माणसं आहेत. म्हाताऱ्यांना कुणी नाही.

सगळ्यांनी माना हलवल्या. त्या क्षणी मला शहाणं वाटलं, ताई. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं नाही म्हणून अभिमानही वाटला. फेब्रुवारीत व्हरांड्यात उभी होते ते नुसतं हात झटकणं होतं.

मे महिन्यातल्या निवडणुकीला मी उभी राहणार नाही. त्याने काही भरून येत नाही, मला कळतं. तू म्हणशील तर मी तिकडे येऊन राहते. नीलशी बोलले आहे.

तुझ्या लोभाला मी पात्र राहिले आहे असं म्हणवत नाही. पण तो मागते.
तुझी,
कर्स्टी


पोर्ट अर्डन
९ मे २०१७

चि. कर्स्टीस,
अ. आ.

तुझं पत्र मी ओट्याशी उभ्यानेच वाचलं आणि पाच आठवडे ब्रेडच्या डब्यामागे ठेवलं. गुरुवारी मतदान होतं. मी गेले नाही, आयुष्यात पहिल्यांदा. शेजारची नेटा दार वाजवायला आली, मी पाय दुखतो म्हटलं.

रोरी दोनदा पडला. दुसऱ्यांदा मला त्याला उचलता येईना, तर मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले, सकाळी मदतनीस येईपर्यंत. डॉक्टरांनी मग खटपट केली. साठ मैलांवरच्या एका निवासात जागा मिळाली आहे. येत्या सोमवारी जायचं. बॅग भरली तर त्याने सगळे कपडे काढून पुन्हा कपाटात लावले, इतके नीट की मला पुन्हा काढवेनात. ते तिथेच आहेत. मी नवीन घेतले.

तुझ्यावर ओरडावं म्हणून मी रोज शब्द जुळवते आणि रोज एकाच जागी अडते. घरी माणसं आहेत असं तू म्हणालीस. ती माणसं म्हणजे मी. मला धरून तू हिशेब केलास आणि मला विचारलं नाहीस.

आणि विचारलं असतंस तर? पाच आठवडे मी याच एका गोष्टीशी भांडते आहे. त्या खोलीत तू मला बोलावलं असतंस, म्हाताऱ्यांची रात्रीची सोय जाईल असं सांगितलं असतंस, तर मी काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे. म्हटलं असतं, त्यांची काढू नका, आम्ही बघू, मी आहे ना. मी हेच म्हटलं असतं, कर्स्टी. मी जन्मभर हेच म्हणत आले. तू ते बरोबर ओळखलंस, आणि तेच मला सहन होत नाही. निदान विचारायचं होतंस. मग सोमवारी त्याला सोडून येताना माझ्या हातून झालं असं तरी मला म्हणता आलं असतं. आता तर तेवढंही माझं नाही.

तू इकडे राहायला येऊ नकोस. राहण्याजोगं काम उरलं नाही. सोमवारीही येऊ नकोस. नेटाचा मुलगा गाडी आणणार आहे, रोरीशेजारी मी बसेन. तिथली बाई दारात आली की तो तिला कोट कुठे टांगायचा ते विचारेल, आणि मला ते एकटीलाच ऐकायचं आहे.

लोभ मागू नकोस. तो आहे, जात नाही, जायला हवा होता. भेटीचं मी कळवेन तेव्हा.

तुझी ताई,
इशबेल