तुझ्या मांडीवरचा तो पाय

आई, आज सकाळपासून तू माझ्या डोळ्यांसमोर बसून आहेस. देवळाली प्रवरेजवळच्या त्या छोट्या मिशन दवाखान्यात, खाली फरशीवर, पांढऱ्या पातळाचा पदर खोचून. खिडकीतून कोवळं ऊन येतंय, उसाच्या मळीचा गोडूस वास येतोय आणि तुझ्या मांडीवर एका अनोळखी बाईचा पाय आहे. मी बारा वर्षांची, दारात उभी. शाळा सुटली की मी तुझी वाट बघत तिथं थांबायची. तू आया होतीस. झाडणं, पुसणं, जखमा धुणं तुझ्याकडे. ती बाई ऊसतोडीला पाथर्डीकडून आलेली. पायावर कोयता बसलेला, आठ दिवस चिंधी बांधून तशीच राबलेली. चिंधी सुटली आणि मी नाकाला हात लावला. पाय काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणत होते. ती बाई लाजेनं पाय ओढून घेत होती. तू तो धरून ठेवलास आणि हळूच म्हणालीस, "पाय देवानं चालाय दिलाय बाई, लाजाय न्हाई."

त्या संध्याकाळी मी तुला सांगितलं की तुझ्या हातची भाकरी मी खाणार नाही. तू रागावली नाहीस. पिठाची परात माझ्यापुढे सरकवलीस, म्हणालीस, मग तू थाप. मी थापलेल्या जाड, करपलेल्या भाकरीसाठी तू डोळे मिटून प्रार्थना केलीस आणि चवीनं जेवलीस. त्या दिवशी तू दोन थपडा मारल्या असत्यास तर मला बरं वाटलं असतं.

मग तो रविवार. उपासनेत मला स्तोत्र तोंडपाठ म्हणायचं होतं, नवा फ्रॉक घातला होता. आणि तू मिशनच्या देवळाची वाट सोडून कालव्याच्या कडेनं निघालीस. त्या बाईला चालवत नव्हतं, पट्टी बदलायची राहिली होती. मी रडले. तू म्हणालीस, "वाटंत म्हन. मी ऐकते." धुकं इतकं दाट होतं की उसाचे तुरे पाण्यात तरंगल्यासारखे दिसत होते. मी स्तोत्र म्हणते आहे, तू पुढं चालली आहेस, अधूनमधून विसरलेला शब्द मागं वळून देते आहेस. अजूनही स्वप्नात मी त्या वाटेवर असते.

पाचटाच्या कोपीत, ऊसतोड्यांच्या त्या बुटक्या झोपडीत, ती बाई उठून बसली. तू मला पाण्याचा तांब्या धरायला लावलास. मी तोंड फिरवून धरला. तिनं विचारलं, "बाई, आज तुमचा देवाचा वार ना?"

"व्हय," तू म्हणालीस. "म्हनून तर आले."

पुढं महिनाभर तू जात राहिलीस. पाय वाचला. हंगाम संपल्यावर ती टोळीबरोबर निघून गेली, आणि तू तिचं नाव पुन्हा कधी काढलं नाहीस.

मी आता नगरला असते, शाळेतून निवृत्त झाले. शेजारच्या घरात एक म्हातारी अंथरुणाला खिळली आहे. सून सकाळच्या पाळीला जाते. सहा महिने झाले, मी रोज जाऊन तिचं अंग पुसते, कपडे बदलते. चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात, अगदी आईवर गेलीस. मी हसून विषय बदलते. कारण मी रबरी हातमोजे घालून जाते, श्वास रोखून हात चालवते, आणि नजर घड्याळावर असते. आज म्हातारी म्हणाली, "पोरी, ते मोजे लई गार लागत्यात गं." मी काढले. तिची पाठ उघड्या हातानं पुसली. कातडी कागदासारखी पातळ होती, आणि उबदार. मला वाटलं होतं, आता मनात काहीतरी उमलेल, प्रेम की काय ते. तसं काही झालं नाही. म्हातारीला मात्र झोप लागली.

तुला तरी दर वेळी प्रेम वाटत होतं का, हे तू होतीस तोवर मी कधी विचारलंच नाही. विचारायचं म्हणून लिहायला बसले. हा कागद कुठं धाडायचा नाही, हे ठाऊक आहे. उद्या सात वाजता परत जायचंय. खरं सांगू, आई? जाववत नाही. जाईन.