पंख्यावरचा सोन्याचा वर्ख

महाछाय,
१२ मार्च, बुद्धसंवत २५३९

ती. सौ. सायुदताईस,
प्रापायचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व कुशल. पत्र मात्र काळजीचं आहे.

बोटवाल्या चे किमच्या मोठ्या मासेमारी बोटीचा टर्बो ह्यांच्याकडे दुरुस्तीला आलाय. इंजिनाच्या धुरावर गरगर फिरून इंजिनात हवा कोंबणारा तो पंखा. असले जुने टर्बो आता कुणी बनवत नाही. परदेशातून मागवला तर दोन लाख ऐंशी हजार बाट आणि चार महिने. ह्यांनी अठ्ठावन्न हजारांत करून देतो म्हणून शब्द दिला. धक्क्यावर दुसऱ्या एका बोटीचा मालक हिया तेंग सगळ्यांदेखत म्हणाला, की थोंगसुक आता टेबलफॅनच बसवून देईल.

तीन भंगारवाले पालथे घालून ह्यांनी टर्बोच्या आतला फिरता पंखा मिळवला. त्याचा दांडा ज्यात फिरतो त्या पितळी बुशी स्वतः कातल्या, दोन वाया गेल्या. मग बँकॉकला नेऊन यंत्रावर पंखा सगळ्या बाजूंनी सारखा तोलून आणला, त्याचे साडेचार हजार वेगळे.

आणि ताई, मी काय केलं, तर हे जेवायला बसले तेव्हा पंखा बिस्किटाच्या डब्यात घालून देवळात नेला. लुआंग फो भंतेंनी गंधाचे तीन ठिपके लावले, मी वर सोन्याचा वर्ख चिकटवला. नवीन गाडीला लावतो तसाच. आणून जागच्या जागी ठेवला. ह्यांनी दिवा गेलेला असताना घाईत बसवला, त्यांना दिसलंच नाही.

काल हे सहज सांगत होते, की तो पंखा मिनिटाला साठ हजार फेरे घेतो आणि एका बाजूला तांदळाच्या कणीएवढं वजन जास्त झालं तरी सगळ्याचा भुगा होतो. बोट सतराला निघते, चौदा माणसं आहेत तिच्यावर. सांगितलं तर पुन्हा खोलणं आलं, खर्च आला, धक्क्यावर ह्यांचं हसं होणार. काय करू?

तुझी,
प्रापाय

रात्चाबुरी,
१४ मार्च

चि. सौ. प्रापाय हिस अनेक आशीर्वाद.

फिश सॉसची बाटली घेतानासुद्धा नवऱ्याला विचारणारी तू, आणि पंखा न विचारता नेलास. लहानपणी कोंबड्यांच्या खुराड्यालाही वर्ख लावला होतास, तेव्हा आईने मारलं ते मलाच.

तुझा भाव खोटा नव्हता, भंते रागावणार नाहीत. पण पत्र वाचून होताच उठ आणि थोंगसुकला सांग. तो ओरडला तर ऐकून घे. पाण्यात चौदा घरांचे पुरुष जाणार आहेत.

मुलांना गोड पापा. पत्र लवकर पाठव, नाहीतर मीच बसने येऊन उभी राहीन.

तुझी ताई

महाछाय,
११ एप्रिल

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात धरूनच वर्कशॉपात गेले. ह्यांनी पाना खाली ठेवला आणि फक्त विचारलं, की किती लावलं. मी करंगळीचं टोक दाखवलं. ओरडले नाहीत. म्हणाले, की देवळात न्यायचाच होता तर बाहेरचं कवच न्यायचंस, ते फिरत नाही.

खोललं तर गंध पात्यांच्या मुळाशी सिमेंटसारखं घट्ट. पुसून पुन्हा बँकॉक, पुन्हा साडेचार हजार. मी घरखर्चातले साठवलेले पुढे केले, ह्यांनी घेतले नाहीत. चे किमला जाऊन खरं ते सांगितलं. बोट दोन दिवस उशिरा निघाली.

परवा परतली. तिच्यावरचा मिस्त्री म्हणाला, की एकवीस दिवस टर्बोची शीळ पहिल्या दिवशीसारखीच होती. चे किमने बिल धक्क्यावर मोठ्याने वाचलं. शेवटच्या ओळीत ह्यांनी लिहिलं होतं, की दुसऱ्यांदा तोलणे, चूक आमच्या घरची, आकार नाही. लोक हसले. हिया तेंग तेवढा हसला नाही.

काल सकाळी मी भिक्षूंना भात वाढून परतते, तर हाच तेंग आमच्या दारात. गोणपाटात स्वतःच्या बोटीचा टर्बो, पाती कुत्र्याने चावल्यासारखी. ह्यांनी बघून सांगितलं, की सत्तर हजारांच्या खाली होणार नाही आणि महिना लागेल, घाई असेल तर दुसरीकडे न्यावं. आमचे हे असंच बोलतात.

तेंग परत गेलाच नाही, ताई. चपला काढून आत येऊन बसला आणि मला चहा मागितला.

असाच जीव लावत राहा.

तुझी,
प्रापाय