नुसतं बघायचं

२ सप्टेंबर, अल्माती
करागांदाहून सकाळी पोचले आणि बॅगेसकट थेट कामावर. इथे म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नंबर लावायला सोपं जाईल असं मोबाइल अ‍ॅप बनतंय आणि त्याच्या डिझायनरांची प्रमुख मी! सध्या टीममध्ये दोघंच. इलियास अखंड बडबडतो, आणि माकपाल त्याची टर उडवते. मला दोघं 'अपाय' म्हणतात, म्हणजे ताई. तिनं माझ्यासाठी घरून बौरसाक, पिठाचे फुगीर गोळे, तळून आणले होते, अजून गरम. मालक बेरदीबेक, सगळे त्यांना मानानं आगाय म्हणतात, म्हणाले, टीम वाढवायची, माणसं मी देतो, तू तयार कर. घरी फोन केला. आई आनंदानं रडली.

११ सप्टेंबर
नवी माणसं आली. फार गप्प, चहाही घेत नाहीत, पण शिकायची हौस दांडगी. मी सांगितलं, चाचणीला बसलेला माणूस चुकला तरी मदत करायची नाही, नुसतं बघायचं. त्याचं बोट कुठे अडतं, नजर कुठे थांबते.
दुपारी अ‍ॅप वापरून बघायच्या चाचणीला रौशान अजे, म्हणजे आजी, आल्या. उभा जन्म त्यांनी ट्राम चालवली. चाचणीच्या खोलीला मधे काच आहे, तिच्या अलीकडून आम्ही बघत होतो. नव्यांची नजर अजेंच्या हातांवरून हललीच नाही. निघताना अजेंना कोटाची बटणं लावता येईनात. वय झालं गं पोरी, म्हणत हसल्या. मी लावून दिली.

१९ सप्टेंबर
अ‍ॅप कमालीचं सुधारलंय. जिथे म्हाताऱ्यांचं बोट आपसूक जातं, तिथेच नेमकं बटण. सगळं नव्यांनी केलेलं. आगाय खूश.
रौशान अजेंच्या मुलीचा फोन आला. अजेंना चमचा धरता येत नाही, डॉक्टरांना काही सापडत नाही. तुम्ही तिला काय केलंत, असं विचारत होती. आम्ही हातही लावला नाही, म्हटलं. खरंच आहे ते.

२७ सप्टेंबर
चाचणीला येणारं प्रत्येक माणूस काहीतरी विसरूनच परत जातं. कुणी चालणं, कुणी पाणी पिणं. मी आगायना म्हटलं, बंद करू या. त्यांनी स्वतः माझ्यासाठी चहा ओतला.
"बाहेरची माणसं नकोत ना? मग आपली बसव," ते म्हणाले. "नाव तू दे. नाहीतर आजच्या गाडीनं करागांदा गाठ."
मला थट्टा वाटली. ते हसले नाहीत.
मी इलियासचं नाव दिलं.

३० सप्टेंबर
इलियासला चित्र काढायला बसवलं. आधी काचेतून मला वेडावून दाखवत होता. मग हात थबकला. हातातली पेन्सिल परक्याची असावी तसा तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर बोलणंही गेलेलं.
माझ्या शेजारी बसलेला नवा मुलगा तेवढ्यात बडबडू लागला. आवाज इलियासचा. हसणंही.

४ ऑक्टोबर
माकपाल त्याच्या घरी जाऊन आली. त्याचे डोळे नुसते फिरतात म्हणाली. मग माझा हात धरून विचारलं, "अपाय, त्याचं नाव कुणी दिलं?"
मी म्हटलं, आगायनी.
तिचा विश्वास बसला. उद्या तिलाच बसवायचंय. तिचंही नाव मीच —

६ ऑक्टोबर
माकपालला गिळता येत नाही. तिची आई भरवते, घास तोंडात तसाच राहतो. इथे एक नवी मुलगी सगळ्यांची टर उडवत फिरतेय. आज मीही तिच्या विनोदाला हसले. हसले, आणि मग —

९ ऑक्टोबर
टीम पुरी झाली. आता यांना शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही, असं सांगून आले. आगाय म्हणाले, माणसं कशी सांभाळायची ते राहिलंय. ते तुझ्याकडून शिकतील.
माझी खुर्ची काचेच्या पलीकडे नेली.

१० ऑक्टोबर
सगळे बघताहेत. मी लिहिते तशी त्यांची बोटं हलतात —
उठायचं कसं ते — पाय आहेत, पण —

दुपार
आगायना काचेतून ओरडून सांगितलं, मला सोडा, दुसरं माणूस देते. माझी धाकटी बहीण आहे. हुशार आहे, उद्याच बोलावते. ते म्हणाले, नाव लिहून दे.
सोपं आहे. तिचं नाव
म — मो —
नाही, असं नाही, ते अक्षर आधी कसं काढाय