नानांचं गाऱ्हाणं

विक्रोळी, भाद्रपद १९८६

आई,
मॉरिशसपर्यंत पोचेल इतकं वाकून नमस्कार.

कॉलेज झकास चाललंय. खोकलाही गेला. रसवंतीची घुंगरं वाजली की मी डोळे मिटते आणि आपल्या उसातून चालत घरी येते. तू दारातच असतेस.

घरमालक नानांनी गणपतीपुढे गाऱ्हाणं घातलं. घरच्या एकेकाचं नाव घेऊन ते देवाकडे मागत होते आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होते. मी मागेच उभी राहिले. भाडेकरणीचं नाव कोण घेणार?

शेवटी नाना म्हणाले, "आमच्या हेमवंतीची आवस थंय दर्यापलीकडे जागी आसा. तिका निवांत झोप लागांदे रे म्हाराजा!"

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मी पुढे सरकून हात जोडले.

आई, आता लागते ना गं झोप?

तुझीच,
हेमवंती